बोटीवरचा व्हीएचएफ निवडताना

महोदय,
हंगामाआधी बोटमालक जाळी आणि इंजिनावर लाखो रुपये घालतात. व्हीएचएफ संच, म्हणजे इतर बोटींशी आणि किनाऱ्याशी बोलायचा बिनतारी रेडिओ, मात्र स्वस्तात मिळेल तो उचलतात. हे थांबायला हवे. हातातला संच साधारण ५-६ वॉटचा, बोटीत पक्का बसवायचा २५ वॉटचा. पण नुसत्या वॉटवर जाऊ नका. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना जितकी उंच तितका पल्ला लांब. केबिनच्या छपरावर आडवी बांधलेली अँटेना, जोडावर हिरवा गंज आणि वर चिकटपट्टी, हे बंदरात नेहमी दिसते. अशा बोटीवर महागडा संचही मुकाच. डीएससीची, म्हणजे बटण दाबून संकटाचा डिजिटल इशारा पाठवण्याची, सोय असलेलाच संच घ्या. त्यात एमएमएसआय क्रमांक (बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक) भरलेला आणि जीपीएस जोडलेले असेल, तर लाल बटण दाबून धरताच चॅनल ७० वरून बोटीची ओळख आणि ठिकाण जाते. मोबाइलची रेंज खोल समुद्रात संपते. संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनल १६ वरची हाक मात्र टप्प्यातल्या, तो चॅनल लावून ठेवलेल्या सगळ्या बोटींना ऐकू येते. त्या चॅनलवर मासळीच्या भावाच्या गप्पा कृपया नकोत. आणि मच्छीमार सोसायट्यांनी एकट्या तांडेलाला नव्हे, प्रत्येक खलाशाला संच चालवायला शिकवावे.

- एक बोटमालक, हर्णै (जि. रत्नागिरी)