चारातला सातवा कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले तीन रविवार तुमच्या पुरवणीत इटालियन लेखक उंबेर्तो इकोच्या 'द नेम ऑफ द रोझ' या, मठातल्या खुनांवरच्या कादंबरीवर वाचकांची पत्रं येतायत, ती सगळी वाचली, दोन तर कापून ठेवली, आणि आता मलाही राहवेना म्हणून लिहायला बसलोय. आधी तक्रार. दुसऱ्या रविवारी एका गृहस्थांनी खुनी कोण ते नावासकट लिहून टाकलं आणि तुम्ही ते तसंच छापलंत! कादंबरी सात दिवसांची आहे, आमच्यातले दोघं तेव्हा कुठं तिसऱ्या दिवसापर्यंत पोचले होते, सकाळी चहा घेताना पेपर उघडला नि नाव डोळ्यांत शिरलं. मांडे वाढायच्या आधीच पंगत उठवल्यासारखं झालं. मी खुनी सांगणार नाही. पण खून कसा होतो आणि एक दार कसं उघडतं हे सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुढं सरकत नाही, तेव्हा ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी हे पत्र घडी घालून ठेवावं, महिन्याभरानं उघडावं.

आम्ही पाच जण आहोत. बेळगावच्या शहापुरात एका दोस्ताच्या साडीच्या दुकानाच्या माडीवर रविवारी जमतो, गिरमिट नि चहा, बाहेर जून-जुलैचा पाऊस. पुस्तक एकच, तेही इंग्रजी, पाच जणांत फिरतंय. गंमत बघा, कादंबरीत अख्खा मठ एका पुस्तकापायी एकमेकांवर उठलेला, आणि इकडं आमच्यातही कुणी पुस्तक तीन आठवडे दाबून ठेवलं म्हणून बोलाचाली झाली.

सगळ्यात वडील आबा. आबांचं अख्खं तरुणपण बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचण्यात गेलं, त्यांतले झुंजार आणि काळापहाड त्यांना घरच्या माणसांसारखे. त्यांना सुरुवात फार आवडली. 1327 साल, इटलीच्या उत्तरेला डोंगरावरचा मठ, तिथं बास्करव्हिलचा विल्यम नावाचा साधू येतो, बरोबर अडसो नावाचा पोरगा. बास्करव्हिल म्हटल्याबरोबर शेरलॉक होम्सवाल्यांचे कान टवकारतात (होम्सच्या एका कादंबरीच्या नावातच बास्करव्हिल आहे), इकोनं ते मुद्दामच केलंय. वाटेत मठातली माणसं काहीतरी शोधत धावत येतायत, ती काही बोलायच्या आत विल्यम सांगून मोकळा, तुमचा घोडा अमुक वाटेनं गेला, दिसायला असा आहे आणि नाव त्याचं ब्रुनेलस. घोडा त्यानं बघितलेलासुद्धा नाही. आबा खूश, "ह्याला म्हणायचं गुप्तहेर." मग पुढं सुरू झाली येशू ख्रिस्ताजवळ स्वतःच्या मालकीचं काही होतं की नव्हतं यावरची वादावादी, चर्चच्या दारावरच्या कोरीवकामाचं पानंच्या पानं वर्णन, आणि आबांनी पुस्तक मिटलं. "एवढ्या पानांत झुंजार दोन माणसं सोडवून घरी जेवायला गेला असता की!"

आबांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. मीसुद्धा ती दाराची पानं गाळली, नंतर परत येऊन वाचली, तरी पूर्ण कळली असं नाही. पण इकोनं मागाहून एक टिपण लिहिलं त्यात सांगितलंय की मित्रांनी, प्रकाशकांनी पहिली शंभर पानं कमी करा म्हणून सुचवलं होतं आणि यानं ऐकलं नाही. म्हणे डोंगर चढायचा तर डोंगराचा दम आपल्या दमाशी जुळवून घ्यावा लागतो, जमत नसेल तर पायथ्यालाच थांबा. माणसाचं वय तेव्हा 48, बोलोन्यात प्राध्यापक, पहिलीच कादंबरी (1980 ची) आणि हा तोरा! येळ्ळूरचा राजहंसगड चढताना मी नेहमी अर्ध्यात शेंगा खायला बसतो, त्यामुळं मला त्याचं म्हणणं जरा लागलंच.

भाच्यानं पुस्तक न वाचताच वाद घातला, कारण त्यानं 1986 चा सिनेमा बघितलाय, शॉन कॉनरीचा. तो म्हणतो तो इन्क्विझिशनवाला, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणारा चर्चचा न्यायाधीश, बर्नार्ड गी शेवटी मरतो आणि खेड्यातली पोरगी वाचते. पुस्तकात नेमकं उलटं आहे, गी साहेब धडधाकट निघून जातात, त्या पोरीला बरोबर नेतात, आणि तिचं पुढं काय होणार ते कुणी सांगायची गरज नसते. खराखुरा गी इतिहासातला माणूस, तोही त्यानंतर चार वर्षं जिवंत होता. यावर दुकानदाराची पोरगी, बीकॉमला आहे, ती जाम भडकली. अख्ख्या जाड पुस्तकात बाई म्हणावी अशी ही एकच, तिला नाव नाही, ती बोलते ते अडसोला कळत नाही, आणि पुस्तकाच्या नावात मात्र 'नाव'! यावर आमच्यातल्या एकालाही धड उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडं आलेल्या पत्रांत या मुद्द्यावर एक ओळ नाही, सगळी पत्रं पुरुषांची, हे मीच आपलं बोलून दाखवतो.

आता आमचे कन्नड शाळेतले रिटायर सर. कन्नडात डिटेक्टिव्ह कादंबरीला पत्तेदारी कादंबरी म्हणतात, सरांनी एन. नरसिंहय्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम कोळून प्यायलाय. त्यांनी पुस्तक पूर्ण वाचलं, टाचणं काढली, आणि निकाल दिला, "इदु पत्तेदारी अल्लरी." ही पत्तेदारी नव्हेच. का, तर घोडा न बघता घोड्याचं नाव सांगणारा हाच विल्यम पुढं एकेक मृत्यू बायबलातल्या जगाच्या अंताच्या सात तुताऱ्यांशी जुळवत बसतो, पहिल्याला गारा, दुसऱ्याला रक्त, तिसऱ्याला पाणी, आणि शेवटी कळतं की असा बेत कुणी आखलेलाच नव्हता. पहिला मृत्यू तर खूनही नव्हता, त्या पोरानं स्वतःच उडी घेतली होती. विल्यम खुन्यापर्यंत पोचतो खरा, पण चुकीच्या वाटेनं. सर म्हणतात ही वाचकाची फसवणूक, उत्तर बरोबर पण रीत चुकली तर मी गणितात अर्धे मार्कसुद्धा देत नव्हतो.

इथं माझं सरांशी पटत नाही. मी आयुष्यभर दुकानांचे हिशेब लिहिले. एका वर्षी मार्चअखेर ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा, पहिल्या झटक्यात जुळला, मालकानं कुंदा मागवला, आणि आठ दिवसांनी एक बिल शोधताना बघतो तर एका उधारीच्या खात्यात 450 जास्त पडलेले आणि दुसऱ्या एका खात्यात बरोबर 450 कमी. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन ताळा जुळवला होता. चूक निदान एकटी असती तर फरकाला 9 नं भाग जातोय म्हणजे आकडे उलटसुलट पडले असावेत एवढं तरी लगेच कळलं असतं, इथं फरकच नव्हता तर शोधणार काय! त्या रात्री मला जे वाटलं ते विल्यमला शेवटी वाटतं. ज्या डिटेक्टिव्हचा ताळा दरवेळी सरळ जुळतो त्याच्यावर माझा तेव्हापासून जरा कमीच विश्वास आहे. सर अजून ऐकायला तयार नाहीत, गेल्या रविवारी उठून गेले, छत्री विसरून.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारच्या पत्रात एका विद्वान वाचकांनी लिहिलंय की ज्यांना लॅटिन येत नाही, युरोपातल्या चर्चचा इतिहास माहीत नाही त्यांनी या कादंबरीच्या वाटेला जाऊ नये, त्यांनी खुशाल बसस्टँडवरची पुस्तकं वाचावीत. लॅटिन मलाही खटकलं, जागोजागी तुकडे, अर्थ दिलेला नाही, पहिल्यांदा माझाही पारा चढला होता. पण साहेब, आपण राहतो कुठं? घराबाहेर पडल्यावर दुकानाची पाटी एका लिपीत, बसची दुसऱ्या, सातबारा काढायला गेलं की तोही कन्नडात, शेजारच्याला धरून वाचून घ्यायचा. आमची आजी म्हणायची, "जरा तडी की, बस कुठं पळून जातीया?" त्यातली तडी, म्हणजे थांब, कन्नडातनं आलीय हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. (सीमाप्रश्नावर हे पत्र नाही, त्याची वेगळी लिहून झाली आहेत.) अर्धवट कळणाऱ्या भाषेतनं काम काढणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि त्या मठात आपल्यातलाच एक माणूस आहे, साल्वातोरे. बिचारा भणंग, दारोदार हिंडून आलेला, बोलतो कसा तर थोडं लॅटिन, थोडं इटलीतल्या बोलींतलं, थोडं स्पॅनिश, सगळं एका वाक्यात. ऐकणाऱ्याला कळतं मात्र.

आता दाराचं सांगतो. मठाचं ग्रंथालय म्हणजे 56 खोल्यांचा भुलभुलैया, त्यात एक गुप्त खोली, तिच्या तोंडाला आरसा. उघडायची खूण विल्यमच्या हातात आलीय: चारातल्या पहिल्या नि सातव्यावर हात चालव. चारातला सातवा? चार कसले, आणि चारात सातवा येणार कुठनं? मठातली सगळी लॅटिन विद्या एका बाजूला आणि हे कोडं एका बाजूला, विल्यम हतबल. मग तबेल्यात अडसोला सहज साल्वातोरेचं बोलणं आठवतं. त्याला म्हणायचं होतं तिसरा घोडा, पण मोडक्या लॅटिनमध्ये म्हणाला 'तेर्तिउस एक्वी', म्हणजे घोड्यातला तिसरा. अडसो हसतो, म्हणजे घोडा या शब्दातलं तिसरं अक्षर की काय! आणि विल्यम जागच्या जागी उडतो. चार म्हणजे चार वस्तू नव्हेतच, चार हा शब्द. लॅटिनमध्ये क्वातुओर, अक्षरं बरोबर सात. आरशाच्या वरच्या बाजूला कोरलेल्या ओळीत तो शब्द आहेच, त्यातलं पहिलं नि सातवं अक्षर दाबायचं. लहानपणी 'तीन अक्षरी माझं नाव' म्हणून कोडी घालायचे ना, तसलंच.

म्हणजे शुद्ध लॅटिनवाले दाराबाहेर आणि दार उघडलं ते साल्वातोरेच्या अशुद्ध लॅटिननं. विद्वान वाचकांनी हे पान वाचलं असणारच, मग असं पत्र कसं लिहिलं मला कळत नाही. मी ही गोष्ट माडीवर मराठीत सांगितली तेव्हा आबा, ज्यांनी पुस्तक मिटून ठेवलं होतं ते, चहा हातात तसाच धरून बसले. म्हणाले, "परत सांग." परत सांगितली. अर्नाळकर परवडला असं त्या दिवशी काही म्हणाले नाहीत.

मात्र खुनाची रीत ऐकून आबा वेगळ्याच कारणानं गप्प झाले. जुनं पुस्तक, पानं एकमेकांना चिकटलेली, वाचणारा बोटाला थुंकी लावून पान उलटतो, आणि विष पानाच्या कोपऱ्यालाच. आबांनी जन्मात थुंकी लावल्याशिवाय पान उलटलेलं नाही, वाचनालयात त्यावरनं दोनदा बोलणी खाल्लीयत, आमच्या या पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांचे कोपरेसुद्धा त्यांनीच मऊ केलेत. दुसऱ्या दिवशी घरी आले, माझ्या टेबलावरचा नोटा मोजायचा ओला स्पंज डबीसकट उचलला नि पुस्तक मागून नेलं. त्याला आता पंधरा दिवस झाले. ना स्पंज परत आलाय ना पुस्तक, आणि विचारलं तर म्हणतात, थांब, आत्ता कुठं दुसरा दिवस उजाडलाय.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव