मंडई फुल्यांनी उभारली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात मंडईतल्या ‘वारसा फेरी’चं कौतुक वाचलं. फोटो झकास. त्याखाली ‘महात्मा फुले यांनी उभारलेली मंडई’ असं छापलंय, तेही वाचायला बरं वाटतं. फक्त खरं नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी या इमारतीला विरोध केला होता; एवढा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. तरी ती १८८६ साली उभी राहिलीच, आणि गव्हर्नरसाहेबांच्या नावानं ‘रे मार्केट’ म्हणून मिरवली. फुल्यांचं नाव लागलं ते पुष्कळ उशिरा, आचार्य अत्र्यांनी लावून धरलं म्हणून.

ही चुकीची माहिती तुमच्या बातमीदाराला कुठे मिळाली तेही सांगते. त्या रविवारी पैसे भरून मीही फेरीत होते. माहिती देणाऱ्या चिरंजीवांनी हेच सांगितलं. मी हात वर केला, तर म्हणाले, “आजी, प्रश्न शेवटी.” शेवट झाला विश्रामबागवाड्यात. तिथे सगळे सुरूच्या खांबांसमोर फोटो काढण्यात गर्क. माझा प्रश्न पिशवीतच राहिला.

माझ्या सासूबाईंचा मंडईत आलं-मिरची-कोथिंबिरीचा गाळा होता, म्हणून जरा जास्त लागलं. आम्ही वीसजण एका बाईंच्या गाळ्यासमोर वाट अडवून उभे, माना वर, मनोरा अष्टकोनी आहे का ते मोजतोय. त्यांची भवानीसुद्धा झाली नव्हती. शेवटी त्याच म्हणाल्या, “वर काय बघताय, खाली बघा की. मटार आलाय.” त्यावर चिरंजीव आम्हाला म्हणतात, “हा आपला जिवंत वारसा!” जिवंत वारशाकडून कुणी पावशेर मटार घेईल तर शपथ. मी दोन किलो घेतला आणि तुळशीबागेतल्या रामापर्यंत वाहिला. ओझं झालं, पण लाज वाटली नाही.

तर दुरुस्ती छापा, ही विनंती. आणि कृपा करून शब्दकोड्याखाली नको. गेल्या महिन्यापासून कोड्याची अक्षरं तुम्ही इतकी बारीक केली आहेत, की आडवे शब्द सोडवेपर्यंत चहा गार होतो. ‘कोड्याचा आकार पूर्ववत करू’ असं तुमच्या कार्यालयातून फोनवर सांगितलं होतं, त्यालाही तीन आठवडे झाले.

आपली,
एक जुनी वर्गणीदार,
शुक्रवार पेठ, पुणे