पत्र्यावर ‘घेऊन या’ लिहिणाऱ्या पेंटर मामांना

पेंटर मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा मोबाईल फक्त बोलण्यापुरता आहे, त्यामुळे हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवणार आणि मधे दोन-तीनदा तरी तुम्ही त्याला “पुरे रे” म्हणणार. या वेळी म्हणू नका. आमच्या शेडमधलं प्रदर्शन संपून पाच महिने होत आले, तरी मला कुणी ना कुणी विचारतंच, की त्या पत्र्याच्या पाट्या कुणी लिहिल्या? ६४ जणांच्या कामाखाली आम्ही नाव, गाव, कशानं केलंय ते सगळं लिहिलं. दारातल्या भिंतीवर पंखे देणाऱ्याचं नाव होतं, चहा पाठवणाऱ्याचं होतं. तुमचं नव्हतं. ती यादी मी केली होती, चूक माझी. शेवटच्या दिवशी तुम्ही आलात, भिंत वरपासून खालपर्यंत वाचलीत आणि ‘समारोप’मधला ‘प’ कललाय तेवढं मला दाखवून वाकळा बघायला आत गेलात. त्या रात्री घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मग झोप लागली नाही.

आताही नाव घालू नको, वडगावात ‘पेंटर’ म्हटलं की कळतं, असं तुम्ही बजावलंय. म्हणून घालत नाही. पण काय केलंत ते सांगणार.

ज्यांना आमची जागा माहीत नाही त्यांच्यासाठी: बेळगावच्या वडगावात एक पॉवरलूमची शेड आहे. तिथं आठ माग चालायचे. साडीचा धंदा बसत गेला तसे एकेक करून माग भंगारात किलोवर गेले, आणि मालकीण आजींनी ती रिकामी शेड आम्हा सहा जणांना भाड्यानं दिली. दोन चित्रकार, एक मातीकाम करणारी, एक फोटोग्राफर, एक लाकूड कोरणारा आणि ठसेचित्रं करणारी मी. मधे प्लायचे आडोसे, नळ एकच, भाड्याच्या सहा वाटण्या. मागाचे बोल्ट अजून जमिनीतून वर आलेले आहेत, नवा माणूस हमखास ठेचकाळतो. छपराच्या कैच्यांना सुताचा भुगा चिकटलाय, तो झाडला तरी जात नाही. पण कौलांत मधे मधे काचेची कौलं आहेत. विणकराला सुताचा तुटलेला धागा दिसावा म्हणून बसवलेली ती कौलं आता आमच्या कागदावर उजेड पाडतात, आणि त्या उजेडासाठी आम्ही बोल्टांसकट सगळं सोसतो.

पहिल्या वर्षी प्रदर्शन केलं ते अगदी रीतसर. ‘कलाकारांकडून प्रवेशिका मागवण्यात येत आहेत. कमाल आकार तीन फूट बाय दोन फूट. प्रवेश शुल्क ३०० रुपये. निवड समितीचा निर्णय अंतिम राहील.’ फ्लेक्स छापला, मोबाईलवरून ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. ११ प्रवेशिका आल्या, त्यातल्या सहा आमच्याच. उद्घाटनाला मांडलेल्या खुर्च्या तशाच गोळा करून ठेवल्या.

दुसऱ्या वर्षी तोच मजकूर घेऊन मी तुमच्याकडे आले होते. फ्लेक्स वर्षभरात फाटला, दारावर एक टिकाऊ पाटी असावी एवढाच विचार. तुम्ही चष्मा लावून कागद वाचलात.

“हे कोण वाचणार बाळ?”

“कलाकार,” मी म्हटलं.

“इथं कोण स्वतःला कलाकार म्हणून घेतंय? आमच्या घरात तीस वर्षं वाकळा शिवल्यात. ‘प्रवेशिका’ वाचून ती बाई तुमच्या दारात तरी येईल काय?”

मग माझंच पेन घेऊन कागदाच्या मागं लिहिलंत: ‘तुमच्या हातानं केलेलं काय असेल तर घेऊन या. विकत आणलेलं नको.’ खाली जागा आणि तारीख. शुल्काचं विचारलं तर म्हणालात, “शुल्क कशाला? भिंत झिजते काय?”

मामा, हे आजवर तुम्हाला सांगितलं नव्हतं. तो कागद घेऊन मी शेडमध्ये गेले आणि दोन संध्याकाळी आमचं भांडण चाललं. तुमच्या वाक्याच्या विरोधात सगळ्यात जास्त मी बोलले. ‘घेऊन या’ म्हटलं की आलेलं परत कसं पाठवणार? निवड नाही तर दर्जा कुठला? आणि ही भीती अगदीच खोटी नव्हती. हे चित्रकार के. बी. कुलकर्णींचं गाव आहे. रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली इथं शिकले आणि पुढं केवढं नाव केलं. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या कलादालनात आपलं एखादं चित्र लागावं म्हणून आम्ही सहाही जण लहानपणापासून धडपडलोय. त्या रांगेत आपली शेड शोभावी असं वाटण्यात काय चुकलं, असं मी तावातावानं म्हणत होते. शेवटी मातीकामवालीनं विचारलं, “मागच्या वर्षी दर्जा बघायला कोण आलं होतं?” त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पाटी एक ठरली होती, तुम्ही १४ केल्यात. शेडच्या मागं पडलेला जुना पत्रा कापून घेतलात, कडा हातोडीनं दुमडल्यात की कुणाच्या हाताला लागू नये. रेड ऑक्साइडचा हात, त्यावर पांढरा, मग एक दिवस नुसता वाळवणीला. अक्षरं काढायला बसलात तेव्हा मी शेजारी बसून होते. ठसेचित्रात अक्षर उलटं कोरावं लागतं, त्यामुळे अक्षराची घडण मला कळते असा माझा समज होता. तुम्ही नीळ लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायला लावलीत आणि मधे चिमटीनं उचलून सोडलीत. टण्ण करून पत्र्यावर रेघ उमटली. मराठीसाठी रेघ वर, कन्नडसाठी खाली. “मराठी अक्षर दोरीवर घातलेल्या कपड्यागत वरनं लोंबतं. कन्नड अक्षर पाटावर बसतं,” तुम्ही म्हणालात. डावी मूठ पत्र्यावर, तिच्यावर उजवं मनगट, आणि ब्रश ‘ळ’च्या पोटातून वळताना तुम्ही श्वास धरता, तो वळसा पुरा झाला की सोडता. हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे का कोण जाणे. कन्नडमध्ये मात्र बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर असते ती छोटी खूण, तलकट्टू, तुम्ही शेवटी, सगळ्या ओळीवर एकदम देत गेलात, पोळ्यांवर तुपाचं बोट फिरवावं तसं.

दोन्ही भाषा कशाला, असं आमच्यातल्या एकानं विचारलं होतं. पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं हा २०२४ चा नियम दुकानांना आहे, आपल्याला कुठं लागतो, असं त्याचं म्हणणं. तुम्ही नियमाचं बोललाच नाहीत. “मागावर बसलेली निम्मी माणसं घरात कन्नड बोलतात. त्यांनी केलेलं नको काय तुला?” सीमाभागात पाटी म्हटली की आपल्या सगळ्यांचे कान उभे राहतात, माझेही राहतात. मराठी पाटीसाठी इथल्या लोकांनी काय काय सोसलंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तरीही दोन्ही ओळी एकाच मापाच्या, एकाच निळ्या रंगात तुम्ही लिहिल्यात. त्या १४ पाट्यांपैकी एकीलाही कुणी हात लावला नाही.

मग टीव्हीएसवर पुढं, पाय ठेवायच्या जागेत पाट्या उभ्या करून तुम्ही निघालात. शहापूर, खासबाग, अनगोळ, उद्यमबाग, येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव. खानापूरला बसनं गेलात. कुठं लावायच्या तेही तुम्हीच ठरवलंत. चौकात एकही नाही. पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीच्या भिंतीवर, फाउंड्रीच्या बाहेरच्या चहाच्या गाड्यावर. माणूस जिथं पाच मिनिटं नुसता उभा असतो तिथं.

आणि माणसं आली की हो मामा.

उद्यमबागेतून एक पॅटर्नमेकर आले. आयुष्यभर त्यांनी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. वाळूत पॅटर्न दाबून साचा करायचा, त्यात लोखंड ओतायचं. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी त्यांची फूटपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा लांब. त्यांनी पंपाच्या आतल्या चक्राचा सागवानी पॅटर्न आणला होता. त्याची वळणदार पाती एकातून एक निघालेली, कडेला हात फिरवला तर सांधा सापडत नाही. “हे आर्टमध्ये येतंय काय?” त्यांनी दारातूनच विचारलं. आमचा लाकूड कोरणारा उठून उभा राहिला आणि त्यांना स्वतःची खुर्ची दिली. प्रदर्शनाचे सगळे दिवस ते त्या चक्राजवळ उभे होते. पोरांना ती लांब इंचाची पट्टी दाखवत होते.

खानापूरच्या जंगलाकडच्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या एक आजी नातवाबरोबर कवंद घेऊन आल्या. जुन्या लुगड्यांच्या, शर्टांच्या तुकड्यांची गोधडी, बाहेरून आत टाके घालत गेलेली, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं. आम्ही ती भिंतीवर लावायला घेतली तर एक कोपरा मागं दुमडला जात होता. आजींनी लगेच तो सोडवला. फुलं दिसली नाहीत तर ती उघडी राहते, म्हणाल्या. एक निवृत्त कंडक्टर आले, जुन्या हिशेबाच्या कागदांच्या पाठीवर बॉलपेननं काढलेले प्रवासी घेऊन. झोपलेले, कोंबडी मांडीवर घेतलेले, खिडकीला डोकं टेकलेले. त्यांच्या बायकोला ती चित्रं आहेत हेच माहीत नव्हतं. आणि तुमच्या घरच्या वाकळा आल्या, तीन. त्यांच्यापुढं मी बराच वेळ उभी होते, कारण मजकुरावरून भांडताना मी जे जे म्हटलं होतं ते मला आठवत होतं. सगळंच काही अप्रतिम होतं असं नाही. काही चित्रं कॅलेंडरवरून उतरवलेली होती, आणि आम्ही तीही लावली. परत कुणालाच पाठवलं नाही.

६४ जणांचं काम चाळीस फुटी शेडमध्ये लावायचं कसं या विचारानं आमचे हात गळाले होते. आदल्या दिवशी तुम्ही पुन्हा तीच निळीची दोरी घेऊन आलात. चार फूट दहा इंचांवर भिंतभर एक रेघ मारलीत. प्रत्येक चित्राचा मध्य या रेघेवर, म्हणजे लहान-मोठं कसंही असलं तरी बघणाऱ्याची नजर वर-खाली होत नाही. मोठ्या दालनांत असंच करतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुम्हाला कुठून कळलं विचारल्यावर म्हणालात, चित्ररथाचे पडदे रंगवून. मिरवणुकीत माणूस रस्त्यावर उभा असतो, पडदा ट्रॉलीवर असतो, त्याचे डोळे कुठं येणार ते आधी धरावं लागतं. वाकळा आणि कवंद तुम्ही बांबूत ओवून कैचीला टांगायला लावलीत, म्हणजे पाठीमागचे टाकेही दिसले. रात्री साडेअकराला काम संपलं. तुम्ही रंगाचे आणि टर्पेंटाइनचे पैसे घेतलेत, बिल दाखवून, वरचे वीस रुपये परत देऊन. मजुरीचं पाकीट मी दोनदा तुमच्या खिशात घातलं आणि दोन्ही वेळा ते मालकीण आजींच्या हातून माझ्याकडं परत आलं.

पत्र लिहायचं खरं निमित्त मात्र परवाचं आहे. पाट्या लिहिताना तुम्ही सगळा मजकूर इनॅमलमध्ये केलात आणि तारीख तेवढी साध्या खळीच्या रंगात. तेव्हा मला वाटलं रंग संपला असेल. या आठवड्यात वळवाचा पाऊस झोडपून गेला आणि बेळगुंदीहून दूध घालायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की पाटीवरची तारीख धुऊन गेलीय, बाकी सगळं जसंच्या तसं आहे. काल त्याच पाटीखालून एक मुलगा शेडवर आला. हातात पोत्यात गुंडाळलेली, मातीची बैलजोडी, अजून ओलसर. “आज चालतंय काय?” म्हणाला. पाटीवर तारीखच नाही, तर त्याला नाही कसं म्हणणार? बैल काचेच्या कौलाखाली वाळत ठेवलेत. एकाचं शिंग मोडलंय, ते तो रविवारी येऊन बसवणार आहे.

तुम्ही सध्या आपल्या वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या पडद्यांत असणार. ते उरकलं की या. १४ पाट्यांवर तारीख घालायची आहे, दोरी धरायला मी आहे.

तुमची,
वडगावच्या मागाच्या शेडमधली ठसेवाली