गंजिफ्याचे नियमही जपायला हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या मागील रविवारच्या पुरवणीत सावंतवाडीच्या गंजिफ्यावर, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या जुन्या खेळावर, आलेला सचित्र लेख आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही चौघांनी एकत्र बसून वाचला. कापडावर चिंचोक्याची खळ चढवून गोल पान कसे सिद्ध होते, त्यावर लाखेचा थर कसा बसतो, राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी मोडकळीस आलेली ही कला हाताला धरून कशी उभी केली, हे सारे लेखकाने मनापासून लिहिले आहे. या गंजिफ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद सावंतवाडीपासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हालाही आहे. तरीही त्या लेखातले एक विधान चुकीचे आहे आणि एक मोठी गोष्ट त्यात राहून गेली आहे, म्हणून हे पत्र.

‘पत्त्यांचा खेळ आपल्याकडे इंग्रजांनी आणला’ हे ते विधान. बाबराने आपल्या आत्मवृत्तात १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे, त्याच्या मागणीवरून, गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला अजून ७३ वर्षे अवकाश होता. पुढे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या काळातल्या १२ रंगांच्या, प्रत्येक रंगात १२ पाने असलेल्या, म्हणजे एकूण १४४ पानांच्या गंजिफ्याचे वर्णन केले आहे. मुघल गंजिफा म्हणून जो पुढे सर्वत्र रूढ झाला तो ८ रंगांचा व ९६ पानांचा, आणि आपल्या लोकांनी एकेका रंगाला एकेक अवतार देऊन त्याला दशावतारांचे रूप दिले तेव्हा तो १० रंगांचा व १२० पानांचा झाला. चौकट-बदाम-इस्पिक-किलवर ही ५२ पाने युरोपीय लोकांबरोबर आली हे खरे, पण त्यांच्याही मुळाशी इजिप्तच्या मामलुकांचे पत्ते आहेत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेला तो संच पाहिला तर त्यात चार रंग, दर रंगात तेरा पाने आणि राजाखालोखाल त्याचा ‘नायब’ म्हणजे दुय्यम अधिकारी आहे. आपल्या गंजिफ्यातही राजाखाली प्रधानच असतो.

राहून गेलेली गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष खेळ. गंजिफा हा हात करण्याचा खेळ आहे, हे त्या पूर्ण पानभर लेखात कुठेही आलेले नाही. वाचणाऱ्याला वाटेल की ही पाने मुळातच काचेच्या चौकटीत लावण्यासाठी रंगवली जात असावीत.

आमच्या घरी आजीच्या माहेराहून आलेली सरकत्या झाकणाची एक लाकडी पेटी आहे. आमचे गाव पांढरकवड्याकडचे. त्याच रस्त्याने पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या पुढे गेले की निर्मल लागते, आणि निर्मलचे नकाश कारागीर एकेकाळी गंजिफा रंगवीत. आजीच्या वडिलांनी ही पेटी तिथूनच आणली होती, असे ती सांगत असे. आज त्या पेटीत ८३ पाने उरली आहेत. मत्स्याच्या रंगाची बाराही पाने शाबूत आहेत, परशुरामाचा राजा उंदराने कुरतडला आहे. आजी, तिची बहीण आणि शेजारच्या एक काकू अशा तिघी माजघरात पांढरी चादर अंथरून बसत. १२० पाने तिघींत वाटली की प्रत्येकीकडे चाळीस येत, आणि गोल पानांचा पंखा हातात नीट धरता येत नसल्याने आजी ती एकावर एक अशी सरकवून धरी की फक्त कडेची चिन्हे दिसावीत. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने खेळ सुरू करायचा, आणि दिवेलागण झाल्यावर तो मान कृष्णाच्या राजाकडे जायचा. कंदील आत आणला की काकू पाने वाटता वाटता म्हणत, ‘दिवा लागला वं, आता किस्नाची उतारी.’ मुघल गंजिफ्यातही हाच संकेत आहे. तिथे दिवसा सुर्खचा म्हणजे सूर्याचा, आणि रात्री सफेदचा म्हणजे चंद्राचा राजा खेळ सुरू करतो.

या खेळातले खरे कौशल्य पानांच्या क्रमात आहे. दहाही रंगांत राजा सर्वांत मोठा व त्याखाली प्रधान, एवढे समान आहे. त्यानंतर मात्र पाच रंगांत दश्शी मोठी असून एक्का सर्वांत लहान असतो, आणि उरलेल्या पाच रंगांत हा क्रम नेमका उलटतो, म्हणजे एक्का प्रधानाच्या लगेच खाली येतो आणि दश्शी तळाला जाते. नवख्याचा हमखास घोटाळा इथेच होतो. ही केवळ आपली लहर नव्हे, कारण स्पेनच्या ओंब्रे या जुन्या खेळात आणि युरोपातल्या टॅरोच्या अनेक खेळांत काही रंगांचा क्रम असाच उलटा धरतात. इतक्या दूरदूरच्या खेळांत हा एकच विचित्र नियम आढळावा, यावरून ते सगळे एकाच फार जुन्या मुळापासून फुटले असावेत असे मला वाटते.

याहून महत्त्वाचे म्हणजे गंजिफ्यात हुकमाचा रंग नाही. एका रंगाने बाकी सगळे रंग कापावेत ही कल्पना युरोपात पंधराव्या शतकात रुजली. गंजिफ्याने त्याआधीची घडण जपून ठेवली आहे. गंजिफ्यात हुकूम म्हणजे त्या त्या रंगात त्या घडीला उरलेल्यांपैकी सर्वांत मोठे पान. राजा गेला की प्रधान हुकूम होतो, प्रधान गेला की त्याखालचे पान. म्हणजे कोणत्या रंगातली कोणती पाने पडून गेली हे १२० पानांपर्यंत डोक्यात ठेवल्याशिवाय आपल्या हातातला हुकूम आपल्यालाच ओळखता येत नाही. माझी आजी अक्षरशत्रू होती, पण पडलेली पाने तिला शेवटच्या हातापर्यंत तोंडपाठ असत.

आज आमच्या भागात मेंढीकोट सगळ्यांना येतो. चौघांचे दोन पक्ष, तेरा तेरा पाने, कट हुकूम की बंद हुकूम याचा आधी ठराव, आणि चार दश्श्यांसाठी चाललेली ओढाताण, हे चित्र उन्हाळ्याच्या दुपारी कोणत्याही पारावर दिसेल. मेंढीकोट थेट गंजिफ्यापासून निघाला असा माझा दावा नाही. मात्र हात, उतारी, रंग, हुकूम हे सगळे शब्द मेंढीकोट खेळणाऱ्याच्या तोंडी आधीच आहेत, त्यामुळे तो गंजिफा एका आठवड्यात शिकू शकतो, हे मी अनुभवाने सांगतो.

अडचण दुसरीच आहे. पोळ्याच्या सुमारास आमच्याकडे जो जुगार चालतो, त्याने पत्ते हा शब्दच बदनाम करून टाकला आहे. पोळ्याच्या करीला बैलांच्या बोलीवर पैसे हरलेली घरे मी पाहिली आहेत आणि त्या जुगाराचे समर्थन मी कधीही करणार नाही. पण तीनपत्ती आणि हात करण्याचा खेळ यांत फरक आहे, आणि तो कायद्यानेही मानला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ ने निव्वळ कौशल्याचे खेळ त्या कायद्यातून वगळले आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने रमीलाही मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले आहे. तरीही एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना गंजिफा शिकवण्याची परवानगी मी मागितली, तेव्हा ‘पत्ते आवारात नकोत’ एवढ्या एका वाक्यात मला परत पाठवण्यात आले. बुद्धिबळाचा पट मांडला असता तर हे झाले नसते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली, लेखातील त्या विधानाची दुरुस्ती छापावी. दुसरी, पुढच्या एखाद्या पुरवणीत दशावतारी गंजिफ्याचे नियम, उलट्या क्रमाच्या तक्त्यासह, सोप्या मराठीत द्यावेत, आणि त्यासाठी सावंतवाडीत अजूनही हा खेळ जाणणाऱ्यांची मदत घ्यावी. हाताने रंगवलेला संच आमच्यासारख्यांना परवडणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. जुन्या काळीही दरबारासाठी हस्तिदंती पाने आणि बाजारासाठी साधी पाने असा भेद होताच.

आम्ही वाचनालयात जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा स्टीलच्या वाटीभोवती पेन्सिल फिरवून कापला, त्यावर मासा, कासव, परशू अशी चिन्हे मुलांकडून काढून घेतली आणि १२० पानांचा संच तयार केला. दर गुरुवारी सायंकाळी सहा वाजता आम्ही खेळायला बसतो. पावसाळ्यात त्या वेळी दिवस धरायचा की रात्र, म्हणजे उतारी रामाची की कृष्णाची, यावर मुलांचा वाद होतो, आणि आजीच्या घरचा नियम म्हणून मी तो वाचनालयातला दिवा लागला की नाही यावर सोडवतो. सावंतवाडीला तो कसा सोडवतात, हे आपल्या पुरवणीतून कळले तर आम्ही आपले आभारी राहू.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक
ता. केळापूर, जि. यवतमाळ