शाळा काढल्या, पुढे काय?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. 'शिक्षण वाढवा, देश श्रीमंत होईल' हे इतकं सरळ असतं तर किती बरं झालं असतं!

कोरियाचंच बघ. 1945 साली देशाचे दोन भाग झाले. भाषा एक, इतिहास एक. उलट खाणी, कारखाने आणि वीज उत्तरेकडे जास्त. लिहायला-वाचायला दोन्ही सरकारांनी झाडून सगळ्यांना शिकवलं. तरी आज दक्षिणेतलं दरडोई उत्पन्न उत्तरेच्या कितीतरी पट आहे. उत्तरेत शिकलेल्या माणसाला नोकरी निवडता येत नाही, कारखाना काढता येत नाही, कमावलेलं आपल्याच नावावर राहील याचा भरवसा नाही. मग ती विद्या वापरायची कुठे? सोव्हिएत संघात इंजिनिअर काय कमी होते?

दक्षिणेत 1950च्या सुमारास जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना मिळाल्या. पीक आपलं झालं, तशी शेतकऱ्याला पोरांना शिकवायची ऐपत आली. गंमत म्हणजे काही जमीनदारांनी जमीन वाचवायला शिक्षणसंस्थाच काढल्या! म्हणजे शाळांना बळ मिळालं ते जमिनीच्या कायद्यातून. हा भाग तुझ्या निबंधात यायलाच हवा. (तेव्हा तिथे लोकशाही होती असं मात्र लिहू नकोस, ती 1987 नंतरची.)

आफ्रिकेतला बोट्स्वाना 1966मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तिथे पदवीधर मूठभर होते. पुढच्याच वर्षी हिरे सापडले. अशा देशांत बहुधा सत्तेवरचेच लोक खजिना लुटतात. बोट्स्वानात मात्र खनिजांचा हक्क वेगवेगळ्या जमातींकडून सरकारकडे आला आणि बराचसा पैसा रस्ते, दवाखाने, शाळांवर गेला.

आता तुझ्या बाजूचंही सांगते. संस्था (म्हणजे देशाचे कायदे, मालकी हक्क, कारभाराचे नियम) आणि समृद्धी यांच्या नात्यावरच्या कामासाठी 2024चं अर्थशास्त्राचं नोबेल अ‍ॅसेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळालं. त्यांच्या टीकाकारांचं म्हणणं असं, की वसाहतींत स्थायिक झालेले युरोपीय नुसते कायदे घेऊन गेले नव्हते, स्वतःचं शिक्षणही घेऊन गेले होते. मग श्रेय कायद्यांना का द्यायचं? हा आक्षेप मला सहज खोडता येत नाही. तू तोच धर.

फक्त शाळेत काढलेली वर्षं मोजत बसू नकोस. पाचवीतल्या मुलाला साधा उतारा वाचता येत नसेल, तर त्या पाच वर्षांतून उत्पन्न कुठून वाढणार? हनुशेक आणि वोसमान या अर्थतज्ज्ञांनी बऱ्याच देशांच्या चाचण्यांचे गुण आणि आर्थिक वाढ ताडून पाहिली आहे. ते वाच आणि मग दुसरा मसुदा पाठव.

तुझी,
आई