जुनी गाडी वापरताय? रिकॉल बाकी आहे का ते आधी बघा

संपादक साहेब, नमस्कार,

मी चिपळूणचा. २०१९ मध्ये पुण्याहून सेकंडहँड गाडी आणली, मॉडेल २०१२ चं. गेल्या गणपतीत अमेरिकेतला भाचा आला होता, तो गाडीत बसल्या बसल्या म्हणाला मामा, हिच्या एअरबॅगचा रिकॉल, म्हणजे दोष असलेला भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बघितलास का कधी? मी म्हटलं काही असतं तर कंपनीने कळवलं असतं की. तर तो म्हणाला कळवलं असेल, पण कोणाला? पत्र जाणार आधीच्या मालकाला.

मग त्याने टकाटाचं सांगितलं. या जपानी कंपनीचे एअरबॅग जगभरच्या कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसले होते, एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख परत मागवावे लागले. आत अमोनियम नायट्रेट असतं, ते उष्णता आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब होत जातं, मग अपघातात बॅग उघडताना आतलं धातूचं नळकांडंच फुटतं आणि तुकडे माणसाच्या गळ्यात, तोंडात घुसतात. माणसं गेलीत त्यात. म्हणून तिथे फ्लोरिडा, हवाई अशा गरम दमट भागातल्या गाड्या आधी घेतल्या. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्या कोकणात चार महिने कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते आणि गाडीत पुढे माझी आई बसते, गुडघ्यांमुळे तिला मागे चढता येत नाही.

आरसी बुकावरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकला. काही बाकी निघालं नाही, हुश्श झालं. पण मग शेजारचे काका आरसी घेऊन आले, त्यांची पण सेकंडहँड, दुसऱ्या कंपनीची, तर त्यांच्या गाडीचा फ्युएल पंप बदलायचा राहिलेला! हा पंप बिघडला तर चालती गाडी बंद पडते, आणि काका दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली घाटातून कराडला जातात. नोटीस पहिल्या मालकाकडे गेलेली, त्याने घर बदललेलं.

ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी सांगतो, नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे ओ वाटतो तो शून्यच, तो चुकला की गाडी सापडत नाही. आणि वेबसाईटवर रिकॉल असा शब्द सापडेलच असं नाही, सर्व्हिस कॅम्पेन नाहीतर प्रॉडक्ट अपडेट असं काहीतरी गोड नाव असतं. याचा मला खरंच राग येतो, धोका आहे तर धोका म्हणा ना.

आपल्याकडे २०१२ पासून कंपन्या स्वतःहून रिकॉल करतात, आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारलाही सक्तीने करायला लावता येतं, पण तो नियम ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच. जी एअरबॅग जुनी झाल्यावरच जास्त धोक्याची होते तिला ७ वर्षांची अट कशी चालेल?

कुकरचं उदाहरण बघा. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनला सांगितलं की नियमात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर ज्यांनी घेतले त्या सगळ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या. गाडीची तर नोंद सरकारकडेच असते, आताच्या मालकाच्या नावासकट. मी नाव ट्रान्सफर केलं तेव्हा इन्शुरन्स बघितला, पीयूसी बघितली, कर्ज आहे का बघितलं, रिकॉल बाकी आहे का हे कोणीच विचारलं नाही. आरटीओने तेवढी एक ओळ वाढवावी, आणि पत्र आताच्या मालकाच्या पत्त्यावर जावं.

आणि तुम्हाला एक विनंती. आठवड्यातून एकदा छोटी चौकट छापा, कुठली गाडी, कुठल्या सालची, काय बदलायचं, मराठीत. काकांसारखी माणसं वेबसाईट उघडत नाहीत, पेपर मात्र रोज वाचतात. त्यांचा पंप पाऊण दिवसात बदलून मिळाला, एक रुपया लागला नाही. तुम्ही चौकट सुरू केलीत तर दर आठवड्याचं कात्रण मी आमच्या नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नेऊन लावीन, गावातल्या जुन्या गाड्या सगळ्या तिथेच येतात.

आपला एक वाचक,
चिपळूण