खेड्यातली वीज सहकारातून आली

अमेरिकेतील घरगुती जीवन शंभर वर्षांत कसे पालटले, यावरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. फ्रीज, धुलाईयंत्र, रेडिओ यांचे सारे श्रेय त्यात उद्योजकांना दिले आहे. ते अर्धेच खरे आहे.

१९३५ च्या सुमारास तिथल्या शहरांत बहुतेक घरी वीज होती, पण शेतावरच्या दहांपैकी जेमतेम एका घरात दिवा लागत असे. विरळ वस्तीत तारा ओढणे परवडत नाही, असे खासगी कंपन्यांचे म्हणणे होते. तोवर टेक्सासच्या डोंगराळ भागातली बाई विहिरीवरून बादल्या वाहत होती आणि भर उन्हाळ्यात चूल पेटवून, तिच्यावर लोखंडी इस्त्र्या आळीपाळीने तापवून कपडे इस्त्री करत होती. रूझवेल्ट सरकारने त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरण यंत्रणा उभारली. अल्प व्याजाची सरकारी कर्जे घेऊन शेतकऱ्यांनी वीज सहकारी संस्था काढल्या. सभासद वर्गणी साधारण पाच डॉलर. पुढच्या वीसेक वर्षांत बहुतेक शेतघरांत वीज पोहोचली.

यंत्रे कारखान्यांनी बनवली हे मान्य. पण ती ज्या विजेवर चालली, ती खेड्यात आणली या सभासदांनी. सहकार जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला हा भाग सांगायलाच हवा होता.

– एक वाचक, सांगली